आई-बाबा एप्रिलमध्ये येतायत, लंडनजवळ ब्लूबेलचं जंगल कुठलं दाखवू?

जाईजुई:
नमस्कार मंडळी, आम्ही हॅरोला राहतो आणि माझे आई-बाबा सांगलीहून पहिल्यांदाच इकडे येतायत, एप्रिलच्या मध्यात पोचतील आणि मे संपेपर्यंत आहेत. टॉवर, बकिंगहॅम पॅलेस वगैरे सगळं होईलच पण आईने आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलंय आणि तिला राजवाड्यांपेक्षा झाडंझुडपं बघण्यात जास्त रस आहे. तिकीट काढल्यावर फोनवर तिने पहिली गोष्ट हीच विचारली की तिकडे ब्लूबेलच्या फुलांनी झाडांखाली सगळी जमीन निळी होते म्हणे ते जंगल दाखवशील ना. मी हो म्हणून बसलेय पण आम्ही आत्तापर्यंत फक्त पार्कातच फिरलोय, खऱ्या जंगलातलं मला फार काही माहीत नाही.

तर प्रश्न असे की नक्की कधी जावं, एप्रिलअखेर की मे? कुठे जावं? बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर आरामात चालतात पण चढउतार नको आणि मधे कुठे बसायला मिळालं तर बरं. मुलगा सहा वर्षांचा आहे आणि दिसेल ते फूल तोडतो, त्याचं काय करायचं? गाडी आहे पण शनिवार रविवारच, मधल्या वारी ट्रेन किंवा ट्यूबने जाता येईल असं काही असेल तर आईला घेऊन मी एकटी पण जाईन. आणि एक, वेबसाइटवर सगळीकडे एन्शंट वुडलँड असं लिहिलेलं असतं, साध्या जंगलात आणि त्यात फरक काय? आई विचारणारच, मला आधी माहीत असलेलं बरं.

रानवाट:
जाईजुई, तुम्ही हॅरोला राहता म्हणजे तुम्हाला लांब जायची गरजच नाही, रायस्लिप वुड्स तुमच्या दाराशी आहे. मेट्रोपॉलिटन लाइनने रायस्लिपला उतरायचं आणि तिथून बसने लिडोकडे, म्हणजे तिथल्या तळ्याकडे. पार्क वुड, कॉप्स वुड, मॅड बेस वुड आणि बेहर्स्ट वुड अशी चार जंगलं मिळून तीनशे हेक्टरच्या आसपास जागा आहे, १९९७ साली नॅशनल नेचर रिझर्व्ह झालं, लंडनमधलं पहिलं. लिडोजवळ पार्किंग आहे, मुलाला तळं आणि छोटी रेल्वे आहे, बाबा तिथे बाकावर बसू शकतात आणि तुम्ही दोघी पार्क वुडमध्ये हवं तितकं फिरा. मुख्य वाटा रुंद आहेत, चढ अगदी थोडा.

आता एन्शंटचं. इंग्लंडमध्ये ज्या जागी निदान १६०० सालापासून सलग जंगल आहे तिला एन्शंट वुडलँड म्हणतात. १६०० च का, तर त्याआधी मुद्दाम झाडं लावून जंगल करायची पद्धत फारशी नव्हती, त्यामुळे तेव्हा जे जंगल होतं ते बहुतेक त्याच्याही कितीतरी आधीपासूनचं असणार असं धरतात. याचा अर्थ तिथली झाडं चारशे वर्षांची असतात असा मात्र नाही, झाडं पुन्हा पुन्हा तोडलेली असतात. जुनी असते ती माती, तिच्यात नांगर फिरलेला नसतो, तिच्यातली बुरशी, कंद, बिया सगळं जागच्या जागी राहिलेलं असतं. आता अख्ख्या युकेच्या जमिनीपैकी जेमतेम अडीच टक्के जमिनीवर असं जंगल उरलंय, आणि एकदा ते गेलं की नवीन झाडं लावून परत येत नाही कारण ती माती कुठून आणणार.

रायस्लिपमध्ये बघाल तर ओकची उंच झाडं मधे मधे आणि त्यांच्या खाली हॉर्नबीमचे गुच्छ दिसतील, एकाच बुंध्यातून पाच सहा सात खोडं वर गेलेली. हे कॉपिसिंग. झाड जमिनीलगत तोडायचं, मग त्याच बुडख्यातून नवे फुटवे येतात, काही वर्षांनी परत तोडायचे, सरपण आणि कोळशासाठी असं शेकडो वर्षं चाललं. तोडल्यावर दोन तीन वर्षं जमिनीवर भरपूर ऊन येतं आणि फुलं उसळून येतात, म्हणजे ही फुलं फुलायला कुऱ्हाड चालावी लागते. जंगलाला हात लावू नका की ते आपोआप छान राहतं असं आपल्याला वाटत असतं पण इथे लोकांनी तोडणं थांबवल्यावर सावली दाट झाली आणि फुलं कमी झाली, म्हणून आता व्हॉलंटिअर हिवाळ्यात मुद्दाम कॉपिसिंग करतात. आईंना हे नक्की दाखवा, मला स्वतःला ब्लूबेलपेक्षाही हे जास्त आवडतं.

कधी जायचं तर, एकच तारीख धरून बसू नका. मार्चपासून सुरू होतं. आधी सेलंडाइन, पिवळं चकचकीत, मग वुड ॲनिमोन, पांढरं, बहुतेक सहा सात पाकळ्यांचं, ऊन असलं की उघडतं आणि ढग आले की मान टाकून मिटतं, म्हणून ते सकाळी लवकर न बघता अकरा बाराला बघायचं. आई येतील तेव्हा ॲनिमोन संपत आलेले असतील पण पहिल्याच आठवड्यात गेलात तर मिळतील. मग ब्लूबेल, लंडनच्या आसपास साधारण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या पहिल्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, हिवाळा कसा गेला त्यावर पुढेमागे होतं. एवढी घाई का, तर वर झाडांना पालवी फुटायच्या आत यांना सगळं उरकायचं असतं. ब्लूबेलची पानं जानेवारी फेब्रुवारीतच वर येतात, एप्रिलभर ऊन खाऊन कंदात साठवतात, मेच्या मध्याला वरचं छत बंद झालं की खाली अंधार, खेळ संपला. म्हणून आईंना एकदाच न नेता दर आठवड्याला एकदा न्या, तेच जंगल, तीच वाट. आठवड्यात इतकं बदलतं की मुलालासुद्धा कळेल.

चिल्टर्नकर:
रायस्लिपला अनुमोदन, पण तुमच्याकडे गाडी आहे तर एक दिवस ॲशरिजला जाच. हर्टफर्डशरच्या हद्दीवर नॅशनल ट्रस्टची (जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणारी संस्था) मोठी इस्टेट आहे, तिथलं डॉकी वुड म्हणजे ब्लूबेलसाठी सगळ्यात प्रसिद्ध. बीचची सरळसोट झाडं, खाली दुसरं झुडूप नाही, त्यामुळे नजर जाईल तिथपर्यंत निळंच दिसतं, आणि बीचची नवीन पालवी त्याच सुमारास फुटते, इतकी पोपटी की त्या निळ्यावर तिचाच उजेड पडल्यासारखा वाटतो. हंगामात तिथे तिकीट लावतात आणि कुत्रे आत नेऊ देत नाहीत, नियम दरवर्षी थोडे बदलतात म्हणून निघायच्या आधी वेबसाइट बघा. पैसे कशाला असं काही लोक म्हणतात पण इतकी गर्दी होते की फुलं तुडवली जात होती, मला तरी तिकीट बरोबर वाटतं. शनिवारी दुपारी अजिबात जाऊ नका, गाडी लावायलाच अर्धा तास जातो, सकाळी लवकर जा.

ट्रेनने यायचं तर युस्टनहून ट्रिंग, स्टेशनपासून चालत ऑल्डबरी गाव, गावात तळं आहे, पब आहे, आणि तिथून वर ब्रिजवॉटर मॉन्युमेंटला चढ. तुम्ही आणि आई जाऊ शकाल पण बाबांना तो चढ झेपायचा नाही, त्यांना गाडीनेच न्या, वरचा भाग बराच सपाट आहे. ओएसचा (ऑर्डनन्स सर्व्हे, इथली सरकारी नकाशा संस्था) नारिंगी मुखपृष्ठाचा एक्सप्लोरर नकाशा नाही तर फोनवर त्यांचं ॲप ठेवा, बीचच्या जंगलात सगळ्या वाटा एकसारख्या दिसतात आणि रेंज जाते. खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त चालायची वाट, निळा बाण म्हणजे त्या वाटेवर घोडे आणि सायकली पण येतात, मुलाचा हात धरा.

कीन्सकर:
आम्ही दोन वर्षं सलग जातोय डॉकी वुडला, भन्नाट जागा. एक टिप देतो, वाटेवरून फोटो काढले तर फुलं लांब दिसतात, चार पावलं आत जाऊन मधे थोडी मोकळी जागा बघून बसायचं, आई-बाबा आणि मुलगा तिघांना बसवा आणि खालून अँगल घ्या, मागे सगळं निळं येतं. बायकोने नऊवारी नेसून काढलेला फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय, येणारा प्रत्येक जण विचारतो कुठला म्हणून.

रानवाट:
कीन्सकर, नऊवारीतला फोटो सुंदरच असणार पण ही टिप कृपया कुणाला देऊ नका, मी अगदी मनापासून सांगतोय. ती जी मोकळी जागा दिसते ना मधे, ती तशी नसतेच, आधी कुणीतरी बसलं म्हणून ती मोकळी झालेली असते. फूल चिरडलं तर फार बिघडत नाही, पान चिरडलं की बिघडतं. ब्लूबेलला वर्षभराचं अन्न त्याच दोन अडीच महिन्यांत त्या पानांतून कमवायचं असतं, पान मोडलं की ते परत फुटत नाही, कंद त्या वर्षी उपाशी राहतो आणि दोन तीनदा असं झालं की मरतो. बियांपासून नवीन झाड फुलायला पाच एक वर्षं तरी लागतात. पाय पडून माती दाबली जाते ती वेगळीच. वुड ॲनिमोन तर आणखी हळू पसरतं, शंभर वर्षांत सहा फूट असं सांगतात, म्हणजे तुमच्या हॉलएवढा ॲनिमोनचा पट्टा दिसला तर तो किती शतकांचा असेल बघा. आपण कासला जातो तेव्हा फुलांत कुणी शिरलं की आपल्याला राग येतो ना, मग इथेही तोच नियम.

वान्स्टेड पार्कमध्ये शॅले वुड म्हणून छोटं जंगल आहे, तिथे व्हॉलंटिअर लोकांनी वाटेच्या दोन्ही कडांना ओंडके ठेवलेत, तेवढ्याने लोक वाटेवर राहतात आणि फुलं परत आलीत. फोटोच काढायचा तर वाट जिथे वळते तिथे उभं राहायचं, वळणावर पुढची फुलं वाटेच्या मागे येतात, खाली वाकून फोन गुडघ्याच्या उंचीवर धरला की माणूस फुलांत बसल्यासारखाच दिसतो आणि पाय वाटेवरच असतात. आणि ढगाळ दिवशी काढा, कडक उन्हात फोनमध्ये निळ्याचं जांभळं होतं.

कीन्सकर:
पानाचं हे खरंच माहीत नव्हतं, कळलं. वरच्या टिपेवर कुणी जाऊ नका, वळणावरून काढायचं जास्त बरोबर आहे. या वर्षी तसाच काढतो.

केंब्रिजची_मावशी:
अगं जाईजुई, तुझी आई जीवशास्त्राची शिक्षिका ना, मग तिला नुसतं निळं दाखवून भागणार नाही. एका शनिवारी केंब्रिजकडे ये आणि हेली वुड बघ. तिथलं खास फूल म्हणजे ऑक्सलिप, फिकट पिवळं, प्रिमरोजच्या कुळातलं, एका देठावर सगळी फुलं एकाच बाजूला झुकलेली. हे फूल इंग्लंडात सगळीकडे येत नाही, केंब्रिजशर, सफोक आणि एसेक्स जिथे मिळतात तिथल्या चिकणमातीच्या जुन्या जंगलातच मुख्यत्वे दिसतं. एप्रिलच्या मध्याला छान असतं. आणि या जंगलाचा लेखी पुरावा १२५१ सालचा आहे, ईलीच्या बिशपच्या जमिनींची नोंद करताना त्यात हे जंगल नावानिशी आणि क्षेत्रफळासकट लिहिलंय. आपल्याकडे देवगिरीवर यादवांचं राज्य होतं तेव्हाची ही नोंद, आणि आजही ते जंगल त्याच जागी उभं आहे, मला तर दर वेळी आत शिरताना हेच मनात येतं.

कडेला एक मातीचा बांध आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला चर दिसेल, तो नक्की दाखव. शेताच्या बाजूने गुरं आत येऊन कोवळे फुटवे खाऊ नयेत म्हणून मध्ययुगात घातलेला बांध आहे तो. आता गुरं नाहीत पण हरणं फार झालीत, ऑक्सलिपच्या कळ्या खाऊन टाकतात म्हणून कुंपण घालावं लागलं. चिखल मात्र भयंकर असतो, वेलिंग्टन बूट पाहिजेतच, तुझ्या बाबांना तिथे नको आणूस, निसरडं असतं. मुलाला आण, त्याला चिखल आवडेल.

आणि आईला ब्लूबेलचं कूळ सांग. आपला रानकांदा असतो ना माळावर, तो आणि ब्लूबेल एकाच उपकुळातले. कंद दोघांचेही विषारी. बागांमध्ये स्पॅनिश ब्लूबेल लावतात ते वेगळं, त्याचा दांडा ताठ, फुलं चहूबाजूंनी आणि परागकण निळे. इथल्या मूळ ब्लूबेलचा दांडा टोकाशी वाकलेला, फुलं एकाच बाजूला लोंबणारी, परागकण दुधी पांढरे आणि वास गोड. दोघांचा संकर होतो आणि तो आता खूप पसरतोय, रस्त्याकडेच्या बागांतून जंगलापर्यंत. तिला एक छोटं भिंग घेऊन दे, परागकणांचा रंग बघत बसेल तासभर.

दवाखाना:
फुलांचं सगळं आलंय वर, मी फक्त तब्येतीचं सांगते. पहिलं म्हणजे गोचीड. वसंतात जंगलात आणि उंच गवतात टिक असतात, पिल्लं खसखशीएवढी असतात त्यामुळे दिसत नाहीत. लाइम डिसीज यांच्यापासून होतो. पूर्ण पँट, मोजे पँटवर ओढून घ्या आणि घरी आल्यावर मुलाचं अंग नीट बघा, काखा, गुडघ्यामागे, केसांच्या कडेला. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढायची, तेल घालायचं नाही, जाळायची नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा आला तर लगेच जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवायचं, अँटिबायोटिकने बरा होतो. घाबरायचं काही नाही, फक्त बघायचं. दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये बर्चचे परागकण हवेत खूप असतात, आई-बाबांपैकी कुणाला दम्याचा किंवा सर्दीचा त्रास असेल तर नेहमीची औषधं आणि पंप तिकडूनच घेऊन यायला सांगा आणि फिरताना खिशात ठेवा.

जाईजुई:
बाप रे केवढी माहिती, सगळ्यांचे मनापासून आभार. आईला काल रात्री फोनवर वाचून दाखवलं, रानकांद्याचं ऐकून ती एकदम खूश, लगेच सांगायला लागली की कुपवाडच्या माळावर आम्ही मुलांना घेऊन बघायला जायचो. ऑक्सलिप आणि १२५१ वर तर ती अडूनच बसलीय.

आता ठरवलंय असं, आल्या आल्या पहिल्या आठवड्यात मी आणि आई मधल्या वारी रायस्लिप, मग हेली वुड शनिवारी, तेव्हा बाबा घरी क्रिकेट बघतील, आणि मेच्या सुरुवातीला सगळे मिळून ॲशरिज सकाळी लवकर. दोन शंका राहिल्यात. एक म्हणजे वाइल्ड गार्लिक, लसणीच्या वासाचा पाला जंगलात मिळतो आणि त्याची चटणी, थालिपीठं छान होतात असं एका मैत्रिणीने सांगितलंय, आईला तो करून बघायचाय, तोडून आणला तर चालेल का? दुसरं, बाबांना समजा त्या दिवशी गुडघ्याचा जास्त त्रास झाला तर त्यांना ब्लूबेल बघायला मिळेल अशी एखादी अगदी सोपी जागा आहे का, त्यांना एकट्याला ठेवून जायला आईचं मन होत नाहीये.

रानवाट:
आधी फुलं तोडणाऱ्या मुलाचं राहिलं होतं. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि रिझर्व्हमध्ये फूलही तोडू नये. त्याला एक काम द्या, आज किती वेगवेगळी फुलं सापडली ते वहीत रंगाने लिहायचं, किंवा पडलेल्या काटक्या, ओकची जुनी पानं गोळा करू द्या, भिंग आजीकडे असेलच.

वाइल्ड गार्लिकचं, रायस्लिप काय किंवा कुठल्याही नेचर रिझर्व्हमधून काय, पाला आणू नका. कुणाच्या बागेत किंवा खाजगी जागेत असेल आणि ते हो म्हणाले तर थोडा आणा, तिथेही एक धोका आहे. त्याच सावलीत त्याच्या मधेमधे लॉर्ड्स अँड लेडीज नावाचं झाड उगवतं, आपल्या अळूच्या आणि शेवळाच्या कुळातलं. कोवळं असताना त्याची पानं गार्लिकच्या पानांत सहज मिसळून येतात, आणि अळूला जी खाज असते तीच याला, पण कितीतरी पट जास्त, तोंड आणि घसा भाजतो, शिजवून खायचा विचारही करू नका. वासावर भरवसा ठेवू नका कारण दोन मुठी पाला तोडला की हाताला सगळाच लसणीचा वास येतो. शिरा बघायच्या, गार्लिकच्या पानाच्या शिरा देठापासून टोकापर्यंत समांतर जातात, दुसऱ्याच्या जाळीसारख्या असतात. लिली ऑफ द व्हॅली पण विषारी आणि तिच्या शिरा मात्र समांतरच, म्हणून मुठीने ओरबाडायचं नाही, एकेक पान देठाशी बघून तोडायचं. आईंना पानं ओळखता येतील यात शंका नाही पण मुलाला तोडायला देऊ नका.

केंब्रिजची_मावशी:
बाबांसाठी क्यू गार्डन्स. लोक काचेची घरं बघून परत येतात पण नैऋत्य कोपऱ्यात क्वीन शार्लट्स कॉटेज आहे, त्याच्या भोवतीच्या झाडीत ब्लूबेलचे मोठे पट्टे आहेत. व्हिक्टोरिया राणीने १८९८ मध्ये ती जागा क्यूला दिली तेव्हा ती नैसर्गिक ठेवायची अशी अटच घातली होती म्हणून तिथे हिरवळ आणि वाफे झाले नाहीत. बागेतल्या मुख्य वाटा पक्क्या आणि सपाट, बाकं भरपूर, व्हीलचेअर हवी असेल तर तिथे मिळते, आधी फोन करून ठेव. फाटकापासून तो कोपरा बराच आत आहे, तेव्हा बाबांना आधी चहा पाजून मग हळूहळू न्यायचं. तिकीट आहे, ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं. मेच्या पहिल्या सोमवारी बँक हॉलिडे असतो तो दिवस टाळ.

आणि हेलीला यायचा शनिवार ठरला की इथेच लिही, मी त्या आठवड्यात जाऊन ऑक्सलिप कितपत उमललंय आणि वाटेवर पाणी किती आहे ते बघून कळवते.